विश्लेषण : घरात माणूस एकच, मग वीज आणि पाण्याचे बिल का उतरत नाही?

मुले नोकरीसाठी पुण्या-मुंबईला किंवा परदेशी गेली आणि गावच्या घरात आई एकटी उरली. किंवा याच्या उलट, मुलगी हिंजवडीजवळ वन बीएचके भाड्याने घेऊन एकटी राहू लागली. दोन्ही घरांत बिल हाती आले की एकच कोडे पडते. चौघे असताना जेवढे बिल यायचे, त्याच्या पाव बिल काही येत नाही. फार तर निम्मे होते. मग आई संध्याकाळी हॉलमधला दिवा मालवून बसते, मे महिन्यात पंखा एकवर ठेवते, पाहुणा गेला की पहिले बटण बंद करते. पुढच्या महिन्यात बिल पुन्हा तेवढेच. बचत होते, पण ती चुकीच्या जागी. एकट्याच्या घरात पैसे नेमके कुठे जातात आणि कुठे वाचू शकतात, याचा हा हिशेब.

माणसे घटली तरी बिल त्या प्रमाणात का घटत नाही?

घरातील बरीचशी वीज माणसांसाठी नाही, घरासाठी खर्च होते. फ्रिज एकासाठीही चोवीस तास चालतो आणि चौघांसाठीही. वायफायचा राउटर, टीव्हीचा सेट टॉप बॉक्स, पाणी शुद्ध करणारे यंत्र यांना घरात किती माणसे आहेत याच्याशी देणेघेणे नसते. हॉलमधल्या एका पंख्याखाली चौघे बसू शकतात. एकट्यासाठीही तो तेवढीच वीज घेतो.

त्यात भर स्थिर आकाराची. महावितरणच्या सिंगल फेज घरगुती जोडणीला अलीकडच्या दरांनुसार महिन्याला साधारण १३० रुपये स्थिर आकार पडतो. महापालिका क्षेत्रात थोडा जास्त. त्यावर १६ टक्के वीज शुल्क धरले की दीडशे रुपये झाले. एक युनिटही वापरले नाही, घराला महिनाभर कुलूप होते, तरी हे पैसे द्यावेच लागतात. महिन्याला ५० युनिट वापरणाऱ्या एकट्या माणसाचे बिल पाचशेच्या आसपास येते. त्यातला जवळपास तिसरा हिस्सा या स्थिर आकाराचाच असतो. तेवढ्या भागावर कितीही काटकसर केली तरी परिणाम होत नाही, हे आधीच लक्षात घेतलेले बरे.

जुन्या वाड्यात किंवा बंगल्यात एकट्या राहणाऱ्यांनी मात्र बिलावर एक गोष्ट जरूर पाहावी. जोडणी थ्री फेज आहे का? एकेकाळी घरात मोठी मोटर, पिठाची गिरणी किंवा दोन-तीन एसी होते म्हणून ती घेतलेली असते. थ्री फेजचा स्थिर आकार सिंगल फेजच्या तिपटीहून जास्त आहे. वापर आता एक फ्रिज आणि दोन पंख्यांवर आला असेल, तर महावितरणकडे अर्ज करून सिंगल फेज करून घेता येते. दर महिन्याला तीनशेहून अधिक रुपये वाचतात आणि त्यासाठी एकही दिवा बंद करावा लागत नाही.

शंभर युनिटच्या रेषेला इतके महत्त्व का?

राज्यात घरगुती विजेचे दर टप्प्यांनी वाढतात. पहिला टप्पा शंभर युनिटचा, दुसरा १०१ ते ३००, मग ३०१ ते ५०० आणि त्यापुढचा. महाराष्ट्र वीज नियामक आयोग हे दर ठरवतो आणि ते वेळोवेळी बदलतात. मात्र पहिल्या दोन टप्प्यांतली दरी गेली काही वर्षे कायम आहे. महावितरणच्या ग्राहकाला वीज आकार, वहन आकार आणि वीज शुल्क असे सगळे धरून पहिल्या शंभरातले युनिट साधारण सात रुपयांना पडते. एकशे एकावे युनिट जवळपास तेरा रुपयांना. इंधन समायोजन आकार लागला तर त्याहून थोडे जास्त. मुंबईत बेस्ट, अदानी आणि टाटा यांचे दर वेगळे आहेत, पण टप्पे असेच.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. शंभराच्या पुढे गेले की सगळ्याच युनिटना वरचा दर लागतो, असे अनेकांना वाटते. तसे नाही. १४० युनिट झाले तर शंभर युनिट जुन्याच दराने आणि फक्त वरचे ४० चढ्या दराने मोजले जातात. तरीही फरक मोठा पडतो. १०० युनिटचे बिल अंदाजे ८३५ रुपये आणि १४० युनिटचे साडेतेराशेच्या घरात. म्हणजे वरच्या ४० युनिटनाच पाचशेहून अधिक रुपये मोजावे लागतात.

चौघांच्या कुटुंबाला शंभराच्या आत राहणे कठीण असते. एकट्या माणसाला ते, एसीचे महिने सोडले तर, सहज जमण्यासारखे आहे. त्याच्या हाती असलेली खरी सवलत हीच.

मग युनिट जातात कुठे?

एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट. एवढे एक गणित आले की घरातल्या प्रत्येक वस्तूचा हिशेब मांडता येतो.

सुरुवात हॉलमधल्या त्या दिव्यापासून. ९ वॅटचा एलईडी बल्ब रोज चार तास लावला तर महिन्याला एक युनिट जळते. म्हणजे महिनाभर अंधारात बसल्याचा मोबदला सात, फार तर तेरा रुपये. साठी-सत्तरीच्या माणसाचा अंधारात पाय अडखळला, तर हाड जोडायला किती खर्च येईल याचा हिशेब वेगळा. रात्री बाथरूमकडे जाणाऱ्या वाटेवरचा दिवा तर एकट्या राहणाऱ्या वृद्धांनी बंद करूच नये. घरात अजून चोकवाली जुनी ट्यूबलाइट असेल तर ती बदलावी. ती एलईडी ट्यूबपेक्षा अडीचपट वीज घेते.

मोबाइलचेही तसेच. आजच्या मोठ्या बॅटरीचा फोन रोज पूर्ण चार्ज केला तरी महिन्याचे एक युनिट होत नाही. चार्जरवरून भांडणारे आई-वडील आणि मुले दोघांनीही ते भांडण आता सोडायला हरकत नाही.

सेट टॉप बॉक्स मात्र लपून बसलेला ग्राहक आहे. टीव्ही रिमोटने बंद केला तरी तो चालूच राहतो आणि बंद दिसतानाही जवळपास तेवढीच वीज घेतो. १२ वॅटचा बॉक्स चोवीस तास राहिला तर महिन्याला साडेआठ युनिट होतात. भिंतीवरचे बटण बंद केले आणि फक्त सहा तास मालिका-बातम्या पाहिल्या तर दोन. राउटर साधारण ८ वॅटचा, म्हणजे महिन्याला सहा युनिट. दिवसभर ऑफिसात असणाऱ्याने निघताना तो बंद केला तर निम्मे वाचतात.

पंख्याचा आकडा पाहून अनेकांना आश्चर्य वाटेल. जुना पंखा ७५ वॅट घेतो. हॉल आणि बेडरूम मिळून रोज तेरा-चौदा तास पंखा चालला तर महिन्याला ३० युनिट. नव्या बीएलडीसी पंख्याला तेवढ्याच वाऱ्यासाठी साधारण ३० वॅट पुरतात, म्हणजे १२ युनिट. अडीच-तीन हजारांचा पंखा, शंभराच्या वर जाणाऱ्या घरात, वर्ष-दीड वर्षात वसूल होतो. एकट्याने सगळ्या खोल्यांतले पंखे बदलण्याचे कारण नाही. ज्याच्याखाली झोप होते तो एक बदलला तरी पुरे. आणि पंखा एकवर ठेवून बसणाऱ्यांसाठी एक माहिती : भिंतीवर जुना, गरम होणारा डबा-रेग्युलेटर असेल तर पंखा हळू फिरतो, पण वाचलेली बरीचशी वीज त्या डब्यातच उष्णता होऊन जाते. उकाडाही सोसायचा आणि बिलही भरायचे, असा तो प्रकार.

फ्रिजबाबत दारावरचे स्टार लेबल वाचावे. त्यावर वर्षाचे युनिट छापलेले असतात. त्याला बाराने भागले की महिन्याचा आकडा मिळतो. छोट्या, एका दाराच्या नव्या फ्रिजला महिन्याला पंधरा-वीस युनिट पुरतात. चौघांसाठी घेतलेला पंधरा वर्षांपूर्वीचा दोन दारांचा फ्रिज त्याच्या दुप्पट घेऊ शकतो, आणि आत असते काय, तर दुधाची पिशवी, अर्धी कोथिंबीर आणि कालची आमटी. पण केवळ बिलासाठी चालू फ्रिज टाकून नवा घेण्यात पैसे सुटायला बरीच वर्षे लागतात. तो बंद पडेल तेव्हा लहान घ्यावा. तोवर भिंतीपासून चार बोटे दूर ठेवणे, दाराचे रबर सैल झाले असेल तर बदलणे, एवढे करावे. लेबलवरचे तारे पाहताना वर्षही पाहावे. निकष दर काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे जुना पाच तारे आजचा तीन-चार तारेही असू शकतो.

आंघोळीच्या पाण्याचा हिशेब कसा करायचा?

एकट्याच्या घरातली सर्वात मोठी गळती बहुधा इथेच सापडते. फ्लॅटमध्ये बिल्डरने किंवा घरमालकाने बसवलेला गीझर १५ किंवा २५ लिटरचा असतो. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायला एक युनिट लागते. थर्मोस्टॅट ६० वर असतो, त्यामुळे लाल दिवा विझेपर्यंत वाट पाहिली की रोज एक युनिट, महिन्याला ३०. थंडीत त्याहून जास्त.

आता गरज किती आहे ते पाहू. बादलीभर, म्हणजे १६ लिटर पाणी, अंगाला सोसवेल अशा ४० अंशांवर हवे असते. त्यासाठी लागणारी वीज आहे पाव युनिटहून थोडी जास्त. थंडीत नळाचे पाणी १८ अंशांवर आले तरी ०.४ युनिट. महिन्याला आठ ते बारा युनिटचे काम आणि त्यासाठी तीस युनिट जळतात. उरलेले गरम पाणी टाकीतच दुसऱ्या दिवसापर्यंत निवत राहते. चौघांच्या घरात ते वाया जात नव्हते, कारण एकामागून एक आंघोळी होत होत्या.

गीझर न बदलताही निम्मी बचत होते. २ किलोवॅटचा २५ लिटरचा गीझर आंघोळीआधी बारा-पंधरा मिनिटे लावायचा आणि बाथरूममध्ये जाताना बंद करायचा. पाणी ४० अंशांच्या आसपास येते, थंड पाणी मिसळावे लागत नाही, आणि वीज लागते अर्धे युनिट. थंडीत पाच-सात मिनिटे जास्त. फोनवर टायमर लावला की विसरण्याचा प्रश्न नाही. सकाळी लावलेला गीझर ऑफिसातून आल्यावर चालूच सापडणे, हा एकट्या राहणाऱ्यांचा ठरलेला अनुभव. घरात हाक मारून सांगणारे कोणी नसते. नवा घ्यायचा झालाच, तर एकट्यासाठी ३ लिटरचा इन्स्टंट गीझर पुरतो. तो ३ किलोवॅटचा असला तरी बादली सहा-सात मिनिटांत भरते, त्यामुळे वीज कमीच लागते. मोठा वॅटेज म्हणजे मोठे बिल, ही समजूत इथे खोटी ठरते.

हीटरची कॉइल बादलीत सोडून पाणी तापवणे विजेच्या दृष्टीने चांगलेच आहे. जेवढे पाणी हवे तेवढेच तापते. पण बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालायचे नाही, आणि बादली लोखंडी नको. घरात दुसरे कोणी नसताना विजेचा धक्का बसला तर मेन स्विच बंद करायला कोणी धावत येणार नाही.

गॅस गीझर स्वस्त पडतो, मग तो का नको?

पैशांचाच विचार केला तर गॅस गीझर फायद्याचा आहे. धोका दुसरा आहे. बंद बाथरूममध्ये बर्नर जळू लागला की तो हवेतला प्राणवायू वापरतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. गरगरल्यासारखे वाटेपर्यंत हातपाय हलवण्याचे त्राणही जाते. दर हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या येतात. कुटुंबात वीस मिनिटे झाली तरी दार उघडले नाही की कोणी तरी कडी वाजवते. एकट्याच्या घरात ती कडी वाजत नाही.

गॅस गीझर असेलच, तर तो बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेच्या जागी बसवलेला हवा. ते शक्य नसेल तर दार आणि खिडकी उघडी ठेवून बादली भरायची, गॅस बंद करायचा, थोडा वेळ जाऊ द्यायचा आणि मगच दार लावून आंघोळ करायची. महिन्याला वाचणारे शे-दोनशे रुपये या एका गोष्टीपुढे बाजूला ठेवावेत.

एसीच्या महिन्यांत काय करता येईल?

एसी लावला की शंभर युनिटची रेषा विसरावी लागते. लेबलवर १६०० तासांच्या वापराचे युनिट दिलेले असतात. समजा दीड टनाच्या एसीवर ९६० असा आकडा आहे, तर तासाला ०.६ युनिट. रोज आठ तास, तीस दिवस म्हणजे १४४ युनिट, आणि ते जवळपास सगळे तेरा रुपयांच्या दराचे. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबल असलेले एसी सुरू होताना २४ अंशांवरच सुरू होतात. तिथेच ठेवून सोबत पंखा हळू लावला तर बहुतेकांना पुरते. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या सांगण्यानुसार प्रत्येक अंश वर ठेवल्यास साधारण सहा टक्के वीज वाचते. एकट्याने लहान खोलीत झोपावे आणि त्या खोलीत एक टनाचाच एसी घ्यावा. विदर्भात कूलर अजून उत्तम चालतो. कोकणात, मुंबईत दमट हवेमुळे त्याचा उपयोग नाही.

स्वयंपाक गॅसवर की इंडक्शनवर?

याचे उत्तर आपण शंभर युनिटच्या कोणत्या बाजूला आहोत यावर अवलंबून आहे. १४.२ किलोच्या एका सिलिंडरमधून भांड्याला जेवढी उष्णता मिळते, तेवढी इंडक्शनवर मिळवायला सुमारे १३० युनिट लागतात. सिलिंडर साडेआठशे ते नऊशे रुपयांचा धरला तर सात रुपयांच्या युनिटशी बरोबरी होते. तेरा रुपयांच्या युनिटपुढे गॅस कितीतरी स्वस्त. म्हणून हिवाळ्यात, पंखा बंद असताना आणि वापर सत्तर-ऐंशी युनिटवर असताना इंडक्शनवर चहा-भात करायला हरकत नाही. मे महिन्यात एसी चालू असेल तर तो कपाटात ठेवावा.

एकट्याला सिलिंडर तीन-चार महिने जातो, त्यामुळे गॅसची बचत फारशी जाणवत नाही. तरी पाच लिटरच्या कुकरमध्ये एका वाटीचा भात लावणे थांबवून दोन लिटरचा कुकर घेतला, डाळ तासभर भिजवली आणि पहिल्या शिटीनंतर आच मंद केली, तर सिलिंडर आणखी काही दिवस ढकलता येतो. पुन:पुन्हा सिलिंडर उचलण्याचे कष्ट वाचतात, हा म्हाताऱ्या माणसाला त्याहून मोठा फायदा.

पाणी वाचवले तर पाण्याचे बिल कमी होते का?

बहुतेक ठिकाणी, नाही. हे स्पष्ट सांगितले जात नाही म्हणून लोक निराश होतात. पुण्यात घरगुती पाणीपट्टी मिळकत कराबरोबर येते आणि ती मिळकतीच्या करपात्र मूल्यावर ठरते. घरात एक माणूस असो की सहा. ग्रामपंचायतींत बहुधा वर्षाची ठरावीक रक्कम असते. मुंबईत मीटर असतो, पण तो संपूर्ण सोसायटीचा. पिंपरी-चिंचवडमध्ये मीटरप्रमाणे बिल येते आणि महिन्याला प्रतिकुटुंब पहिल्या सहा हजार लिटरना शुल्क नाही. एकटा माणूस रोज दोनशे लिटर वापरूनही या मर्यादेत राहतो, अर्थात त्याचा मीटर स्वतंत्र असेल तर.

सोसायटीत एकट्याची तक्रार रास्त असते. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पाण्याचा खर्च प्रत्येक सदनिकेतील नळजोडांची संख्या आणि आकार पाहून वाटला जातो. काही संस्था सरळ सदनिकांच्या संख्येने भागतात. दोन बाथरूमच्या घरात एकटी राहणारी निवृत्त शिक्षिका आणि शेजारचे सहा जणांचे कुटुंब सारखाच हिस्सा देतात. पाणी मुबलक असते तोवर रक्कम किरकोळ म्हणून कोणी बोलत नाही. मार्चनंतर टँकर सुरू झाले की तीच रक्कम टोचू लागते. यावर चालणारा उपाय एकच, प्रत्येक सदनिकेला मीटर. त्यासाठी सर्वसाधारण सभेत ठराव लागतो. मोठी कुटुंबे विरोध करतात. पण टँकरच्या खर्चाचे वर्षभराचे आकडे सभेत ठेवले की चर्चा तरी सुरू होते.

स्वतःच्या बंगल्यात किंवा रो-हाउसमध्ये पाण्याचा खर्च विजेच्या बिलातून वसूल होतो. एक अश्वशक्तीची मोटर तासाला पाऊण ते एक युनिट घेते. टाकी रोज भरावी लागत असेल आणि माणूस एकच असेल, तर कुठे तरी गळती आहे हे नक्की. पहिला संशय फ्लशच्या टाकीवर घ्यावा. तिच्यातले पाणी आवाज न करता भांड्याच्या कडेने उतरत राहते आणि दिवसाला शेकडो लिटर जाऊ शकते. रात्री टाकीत खाण्याचा रंग टाकावा, फ्लश न करता वीस मिनिटांनी भांड्यात पाहावे. रंग उतरला असेल तर आतला रबरी वॉशर बदलायचा. प्लंबरचे दहा मिनिटांचे काम. नळातून सेकंदाला एक थेंब पडत असेल तर दिवसाला वीसेक लिटर होतात. गावी किंवा मुलाकडे महिनाभर जाताना घरात येणारा मुख्य कॉक बंद करून जावे. बंद घरात फुटलेला पाइप शेजाऱ्याच्या भिंतीला ओल येईपर्यंत कळत नाही.

आरओ यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर सोडून देते. नळाला पालिकेचे पाणी येत असेल तर आरओची गरज आहे का, हे आधी पाहावे. बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी असेल तर गोष्ट वेगळी. सोडलेले पाणी बादलीत धरून लादी पुसायला चालते. कपड्यांचे यंत्र एकट्याने आठवड्यातून एकदा, भरल्यावरच आणि साध्या पाण्यावर चालवावे. पाणी गरम करून धुण्याचा कार्यक्रम निवडला की वीज कितीतरी पटींनी वाढते.

घराला कुलूप असताना आलेले बिल बरोबर असते का?

एकट्या नोकरदाराच्या घरी हा प्रश्न हमखास येतो. रिडिंग घ्यायला माणूस दुपारी येतो तेव्हा घर बंद असते. मीटर घराच्या आत किंवा कुलूपबंद व्हरांड्यात असेल तर बिल सरासरीने निघते. बिलावर चालू रिडिंगच्या जागी आकड्याऐवजी शेरा दिसला की समजावे, हे प्रत्यक्ष वापराचे बिल नाही. ज्या महिन्यात पूर्ण बचत केली त्याच महिन्यात जुन्या सरासरीचे बिल येते आणि प्रयत्न फुकट गेल्यासारखे वाटते. महावितरणच्या मोबाइल अॅपवरून ग्राहकाला स्वतः मीटरचा फोटो आणि रिडिंग पाठवता येते. पुढे प्रत्यक्ष रिडिंग आले की आधीची रक्कम वळती होते. तेव्हा सगळे युनिट एकाच महिन्याचे धरून वरच्या टप्प्यात ढकललेले नाहीत ना, टप्पे महिन्यांप्रमाणे विभागले आहेत ना, हे तपासावे. तक्रार १९१२ या क्रमांकावर करता येते. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल आहे.

बिल लहान असले की सवलतीही वेगळ्या नजरेने पाहाव्या लागतात. ऑनलाइन भरण्यावर पाव टक्का सवलत म्हणजे आठशेच्या बिलावर दोन रुपये. पण कागदी बिलाऐवजी ई-मेलवर बिल घेण्याच्या 'गो ग्रीन' योजनेत प्रत्येक बिलामागे दहा रुपये मिळतात. एकट्याच्या बिलात तो सव्वा टक्का होतो. स्मार्ट मीटर बसलेल्यांना सकाळी नऊ ते पाच या वेळेतल्या वापरावर प्रतियुनिट सवलत आहे, मात्र त्या वेळी घरात कोणी हवे. निवृत्तांनी कपडे धुणे, इस्त्री, पाण्याची मोटर दुपारी उरकावी.

भाडेकरूंनी घर घेतानाच दोन गोष्टी विचाराव्यात. मीटर स्वतंत्र आहे का, आणि पैसे महावितरणच्या बिलाप्रमाणे द्यायचे की घरमालकाने ठरवलेल्या दराने? सबमीटरवर सरसकट बारा रुपये युनिट लावणारे मालक आहेत. तिथे शंभराच्या आत राहून काहीच फायदा होत नाही, आणि ते पैसे भाड्यातच धरून दुसऱ्या घराशी तुलना करावी.

सगळे मिळून किती वाचते?

सुरुवातीच्या त्या आईच्या घराचा ढोबळ हिशेब मांडून पाहू. जुना फ्रिज ३५ युनिट, गीझर ३०, पंखे ३०, टीव्ही आणि सेट टॉप बॉक्स १६, राउटर ६, दिवे ५, मिक्सर-इस्त्री-धुण्याचे यंत्र वगैरे १०. एकूण १३२ युनिट आणि बिल साधारण साडेबाराशे. गीझर पंधरा मिनिटांत बंद केला, १५ युनिट गेले. पंखे बीएलडीसी केले, १८ गेले. सेट टॉप बॉक्सचे बटण भिंतीवरून बंद केले, सात गेले. राहिले ९२ युनिट आणि बिल ७८० च्या आसपास. महिन्याला साडेचारशेहून अधिक रुपये वाचले. फ्रिज तोच आहे, हॉलमधला दिवा चालू आहे, पंखा चारवर फिरतो आहे.

एवढे करूनही आकडा उतरला नाही, तर एका रात्री घरातली सगळी बटणे बंद करावीत, फ्रिजचा प्लगही काढावा, आणि मीटरवरचा छोटा लाल दिवा पाहावा. काहीच चालू नसताना तो लुकलुकत राहिला, तर वीज कुठे तरी जाते आहे : जुन्या वायरिंगमधून, जिन्यातल्या दिव्याच्या चुकीच्या जोडणीतून, किंवा कधी कधी शेजारच्या खोलीत. मग परवानाधारक वायरमनला बोलवावे.